इंग्रजी वाक्यांतील जेरंड

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण मुलें आज इंग्रजी शिकत आहेत. कोणी परिचारिकेच्या शिक्षणासाठीं अर्ज करितें, कोणी शाळेंत शिकवितें, कोणास बँकेचा किंवा न्यायकचेरीचा इंग्रजी कागद वडिलांना वाचून दाखवावा लागतो. शब्द त्यांना पुष्कळ येतात. घोडें अडतें तें शब्दांपाशीं नव्हे, तर त्यांच्या शेपटीशीं लागलेल्या लहानशा प्रत्ययांपाशीं. त्यांतही ‘इंग’ हा प्रत्यय फार फसवा आहे. ‘ईटिंग’, ‘रीडिंग’, ‘गोइंग’ हे शब्द कोठें नाम असतात, कोठें विशेषण, कोठें क्रियापदाचा एक तुकडा; आणि रूप पाहावें तर तिन्ही ठिकाणीं एकच.

ही केवळ परीक्षेच्या गुणांची गोष्ट नाहीं. पुढील दोन वाक्यें पाहावीं. ‘द डॉक्टर स्टॉप्ड गिव्हिंग द मेडिसिन’, आणि ‘द डॉक्टर स्टॉप्ड टू गिव्ह द मेडिसिन’. पहिल्याचा अर्थ, डॉक्टरांनीं तें औषध देणें बंद केलें. दुसऱ्याचा अर्थ, डॉक्टर तें औषध देण्यासाठीं थांबले. एका वाक्यांत रोग्याला औषध मिळालें नाहीं, दुसऱ्यांत मिळालें. रोग्याच्या खाटेपाशीं रात्रपाळी करणाऱ्या मुलीनें हीं दोन वाक्यें एकाच अर्थाचीं समजलीं तर काय होईल, हें सांगण्याची गरज नाहीं.

‘इंग’ लागून झालेला जो शब्द वाक्यांत नामाचें काम करितो त्यास इंग्रजी व्याकरणांत जेरंड म्हणतात. हें नांव लॅटिन भाषेंतून आलेलें आहे, व ज्या धातूपासून तें झालें त्याचा अर्थ ‘चालविणें, पार पाडणें’ असा आहे. मराठी व्याकरणांत अशा शब्दास धातुसाधित नाम म्हणतात. नांवाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. ज्याला मराठी येतें तो अशीं नामें रोज शेकड्यांनीं वापरीत असतो. आतांच आम्हीं ‘भय बाळगण्याचें कारण’ असें लिहिलें, त्यांतील ‘बाळगण्याचें’ हाच शब्द घ्या. ‘बाळगणें’ ह्यास ‘चें’ हा षष्ठीचा प्रत्यय लागला, म्हणजे तें नाम झालें. पण ‘भय’ हें आपलें कर्म त्यानें सोडलें नाहीं, म्हणजे तें क्रियापदही राहिलें. एकाच गड्यानें दोन घरचीं कामें करावीं, तसा हा शब्द आहे. बाहेरच्या वाक्याशीं त्याचें नातें नामाचें. आपल्या मागच्या-पुढच्या शब्दांशीं त्याचें नातें क्रियापदाचें. इंग्रजी जेरंडाचें सारें गूढ एवढेंच आहे. पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व ह्या एका गोष्टींतून निघतें.

‘टीचिंग चिल्ड्रन टेक्स पेशन्स’, म्हणजे मुलांना शिकविण्यास धीर लागतो. ह्या वाक्याचा कर्ता कोण? मुलें नव्हेत; शिकविणें. म्हणून ‘चिल्ड्रन’ हा शब्द अनेकवचनी असूनही क्रियापद ‘टेक्स’ असें एकवचनी आहे. ‘चिल्ड्रन’ हें ‘टीचिंग’चें कर्म आहे, आणि कर्मासह तें सगळें मिळून एक कर्ता झालें आहे. ‘शी एन्जॉइज सिंगिंग’ ह्यांत जेरंड कर्म आहे. ‘ही लिव्ह्ज बाय फिशिंग’ ह्यांत तो ‘बाय’ ह्या शब्दयोगी अव्ययाच्या मागून आला आहे. तो मासेमारीवर पोट भरतो. आणि ‘हिज वर्क इज मेंडिंग नेट्स’ ह्यांत तो विधेयाच्या ठिकाणीं आहे. त्याचें काम जाळीं सांधणें हें आहे. ह्या शेवटच्या वाक्याशेजारीं ‘ही इज मेंडिंग नेट्स’ हें वाक्य ठेवून पाहावें. शब्द जवळजवळ तेच, पण येथें अर्थ ‘तो जाळीं सांधीत आहे’ असा होतो, आणि ‘मेंडिंग’ हा जेरंड राहत नाहीं. ‘त्याचें काम जाळीं सांधीत आहे’ असें मराठींत कोणी म्हणणार नाहीं; कामाला हात नसतात.

ह्यावरूनच एक कसोटी हाताशीं येते, आणि ती मराठी बोलणाऱ्याच्या घरचीच आहे. इंग्रजींत जेथें एकच ‘इंग’ आहे तेथें मराठींत दोन निराळीं रूपें आहेत. ज्या शब्दाचें भाषांतर ‘णें’ किंवा ‘ण्या’ असें होतें तो जेरंड. ज्याचें ‘त’, ‘तां’, ‘तांना’, ‘णारा’ असें होतें तो जेरंड नव्हे, तर पार्टिसिपल. ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणजे उकळतें पाणी. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पितें पाणी काय? नाहीं, पिण्याचें पाणी. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतें पाणी, पण ‘रनिंग शूज’ म्हणजे धावण्याचे बूट. ‘वॉकिंग स्टिक’ म्हणजे चालण्याची काठी. ‘चालणारी काठी’ असें भाषांतर एखाद्या मुलानें केलें, तर फारोच्या दरबारांत साप झालेल्या काठीचीच आठवण व्हावयाची. बोलतांना इंग्रज लोक ‘ड्रिंकिंग वॉटर’ ह्यासारख्या जोडीत पहिल्या शब्दावर जोर देतात, व ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणतांना पुढच्या नामावरही देतात. पण छापील पानावर तो जोर दिसत नाहीं, आणि खेड्यांतील विद्यार्थी इंग्रजी बहुतेक पानावरूनच शिकतो. म्हणून त्यानें आपली ‘ण्या’ची कसोटी वापरावी हें बरें.

कांहीं वाक्यें अशीं असतात कीं त्यांचे दोन्ही अर्थ होतात. ‘व्हिजिटिंग प्रीचर्स कॅन बी टायरसम’ हें वाक्य घ्या. ‘व्हिजिटिंग’ जेरंड धरला तर उपदेशकांच्या भेटीस जाणें कंटाळवाणें असतें; पार्टिसिपल धरला तर भेटीस येणारे उपदेशक कंटाळवाणे असतात. आमच्या वर्गाविषयीं दुसरा अर्थच अधिक वेळां खरा असावा! पण ‘कॅन बी’च्या जागीं ‘इज’ किंवा ‘आर’ घातलें कीं संशय फिटतो. ‘इज’ घातल्यास कर्ता एक, म्हणजे भेटीस जाणें. ‘आर’ घातल्यास कर्ते अनेक, म्हणजे उपदेशक.

आतां जेरंडाच्या दुहेरीपणाकडे जरा खोल पाहूं. ‘वाचणें’ आणि ‘वाचन’ हीं दोन्ही मराठींत नामें आहेत. पण आपण ‘पुस्तकें वाचणें’ म्हणतों आणि ‘पुस्तकांचें वाचन’ म्हणतों. ‘पुस्तकें वाचन’ असें कोणीही म्हणत नाहीं. कां? ‘वाचन’ पुरतें नाम झालें आहे, त्याला कर्म घेण्याची ताकद उरलेली नाहीं, म्हणून पुस्तकांस षष्ठी लावावी लागते. ‘वाचणें’ अर्धें क्रियापद आहे, तें आपलें कर्म सरळ घेतें. इंग्रजींत ह्या दोहोंस ‘रीडिंग’ हा एकच शब्द आहे, परंतु वागणुकीवरून भेद कळतो. ‘रीडिंग बुक्स’ म्हणजे पुस्तकें वाचणें. ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ म्हणजे पुस्तकांचें वाचन. पहिल्याच्या मागें ‘द’ नाहीं व पुढें ‘ऑफ’ नाहीं. दुसऱ्यास दोन्ही आहेत. पहिल्यास क्रियाविशेषण लागतें, ‘रीडिंग केअरफुली’; दुसऱ्यास विशेषण लागतें, ‘केअरफुल रीडिंग’. कांहीं व्याकरणकार ह्यांपैकीं पहिल्यासच जेरंड म्हणतात व दुसऱ्यास नुसतें क्रियावाचक नाम. नांवें कांहींही द्या, दोन्ही तऱ्हांची खिचडी मात्र करूं नये. ‘द रीडिंग बुक्स’ असें कोणी पुस्तकें वाचण्याविषयीं लिहिलें, तर तें ‘पुस्तकें वाचन’ इतकेंच कानास खटकतें.

हा नियम इंग्रजींत प्रथम ठासून सांगणाऱ्यांपैकीं एक धर्मोपदेशकच होते. रॉबर्ट लाउथ ह्यांचें इंग्रजी व्याकरण १७६२ सालीं निघालें. पुढें १७७७ सालीं ते लंडनचे बिशप झाले. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘द’ आणि ‘ऑफ’ हीं दोन्ही घालावीं किंवा दोन्ही गाळावीं. एक ठेवून दुसरें गाळूं नये. लिंडले मरे ह्यांनीं १७९५ सालच्या आपल्या व्याकरणांत हेंच शिकविलें, आणि तें पुस्तक पुढें अर्धें शतक शाळाशाळांतून चाललें. दादोबा पांडुरंग ह्यांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांच्यापुढें अशाच इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता. पण नियम मागाहून होतात, भाषा आधीं असते. १६११ सालच्या इंग्रजी शास्त्राच्या भाषांतरांत ‘द’ नसतांना ‘ऑफ’ घातलेला पुष्कळ ठिकाणीं आढळतो. त्यावरून ते विद्वान चुकले असें कोणीं समजूं नये, आणि त्यांचें पाहून आज तसें लिहूंही नये.

हा दुहेरीपणा इंग्रजींत आला कोठून? हजार वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत दोन प्रत्यय वेगळे होते. धातूपासून नाम करावयाचें तर ‘उंग’ किंवा ‘इंग’ लावीत. शिकणें ह्यास ‘लिओर्नुंग’ हा शब्द होता. शिकणारा, शिकत असलेला, ह्या अर्थी ‘एंडे’ हा प्रत्यय असे. पुढील तीनचार शतकांत दुसरा प्रत्यय झिजून झिजून पहिल्यासारखाच ‘इंग’ झाला, आणि दोन नद्या एका पात्रांत वाहूं लागल्या. ‘इंग’वालें नाम पूर्वीं आमच्या ‘वाचना’सारखें निव्वळ नाम होतें, तें हळूहळू क्रियापदासारखें सरळ कर्म घेऊं लागलें. म्हणजे ‘वाचन’ होतें त्याचें ‘वाचणें’ झालें. जुन्या ‘वाचना’ची तऱ्हा अजून जिवंत आहे, हें आपण वर पाहिलेंच.

ह्या जुन्या काळाचा एक अवशेष वाचकांस कधीं ना कधीं भेटेल, म्हणून सांगून ठेवतों. ‘ही वेंट अ-हंटिंग’ असें वाक्य जुन्या पुस्तकांत येतें. त्यांतील ‘अ’ हा ‘एक’ ह्या अर्थाचा नव्हे, तर ‘ऑन’ ह्या अव्ययाचा झिजलेला तुकडा आहे. १६११ च्या भाषांतरांत पेत्र मासे धरावयास जातों म्हणतो तेथें हीच रचना आहे. तसेंच एखाद्या जुन्या अहवालांत ‘द चॅपल इज बिल्डिंग’ असें आढळल्यास चॅपल कांहीं बांधीत आहे असा अर्थ नव्हे. चॅपल बांधलें जात आहे, काम चालू आहे, असा अर्थ. आज त्याजागीं ‘इज बीइंग बिल्ट’ म्हणतात. ही नवी रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसूं लागली, आणि एकोणिसाव्या शतकांत कित्येक इंग्रज पंडितांनीं ती कुरूप म्हणून तिच्याविरुद्ध बरीच ओरड केली. भाषेनें त्यांचें ऐकलें नाहीं.

आतां नेहमीच्या चुकांकडे वळूं. इंग्रजींत शब्दयोगी अव्ययाच्या, म्हणजे ‘फॉर’, ‘बाय’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’, ‘इन्स्टेड ऑफ’ इत्यादिकांच्या, पुढें क्रिया आली तर ती जेरंडाच्या रूपांतच येते. येथें मराठीची संवय आड येते, कारण आपण प्रत्येक ठिकाणीं निराळें रूप वापरतों. ‘जाण्याऐवजीं’ ह्यांत ‘ण्या’ आहे. ‘न विचारतां’ ह्यांत ‘तां’ आहे. ‘काम करून’ ह्यांत ‘ऊन’ आहे. ‘जेवल्यावर’, ‘मदत केल्याबद्दल’ ह्यांत तर भूतकाळी रूप आहे. म्हणून विद्यार्थी आभाराच्या पत्रांत ‘थँक यू फॉर हेल्प्ड अस’ असें लिहितो, आणि ‘आफ्टर एट’ म्हणतो. त्याच्या मनांत ‘केल्या’ आणि ‘जेवल्या’ घोळत असतात. इंग्रजीस ह्यापैकीं कशाचीच गरज नाहीं. ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’, ‘विदाउट आस्किंग’, ‘बाय वर्किंग’, ‘आफ्टर ईटिंग’, ‘थँक यू फॉर हेल्पिंग अस’. पांच मराठी तऱ्हांस एकच ‘इंग’. येथें इंग्रजी आमच्या भाषेहून सोपी आहे, आणि सोप्या ठिकाणीं आम्ही अडखळतों ही नवलाची गोष्ट आहे.

जेथें मराठींतही ‘ण्या’ आहे तेथें तर चूक होण्याचें कारणच नाहीं. ‘त्यानें मला येण्यापासून अडविलें’ ह्यांतील ‘पासून’ म्हणजे ‘फ्रॉम’. म्हणून ‘ही प्रिव्हेंटेड मी फ्रॉम कमिंग’. ‘प्रिव्हेंटेड मी टू कम’ हें इंग्रजीही नव्हे आणि मराठीचें भाषांतरही नव्हे. ‘आग्रह धरणें’ ह्यास ‘इन्सिस्ट’, आणि त्याच्यापुढें ‘ऑन’: ‘ही इन्सिस्टेड ऑन कमिंग’.

शब्दयोगी अव्ययांत एक मात्र घरभेद्या आहे, तो ‘टू’. इंग्रजींत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधीं येतो: ‘टू गो’, ‘टू रीड’, ह्या जोडीस इन्फिनिटिव्ह म्हणतात. दुसरा ‘कडे’, ‘ला’ ह्या अर्थाचें साधें शब्दयोगी अव्यय. दुसऱ्याच्या पुढें जेरंड यावयास पाहिजे. अर्जाच्या शेवटीं ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असें लिहिलेलें आम्हीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं मोजदाद ठेवलेली नाहीं. तेथें ‘टू मीटिंग यू’ पाहिजे. कोणता ‘टू’ कोणता हें कसें ओळखावें? त्याच्यापुढें ‘इट’ हा शब्द घालून पाहावा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हें वाक्य चालतें, म्हणून तेथें जेरंड. ‘आय वाँट टू इट’ हें चालत नाहीं, म्हणून तेथें ‘टू गो’, ‘टू मीट’. ह्या एका युक्तीनें पुढील जोडीही सुटते. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वीं लवकर उठत असें, आतां उठत नाहीं. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठण्याची संवय आहे. नोकरीच्या मुलाखतींत ह्या दोहोंची अदलाबदल झाली तर उमेदवार स्वतःच्या आळसाची कबुली देऊन बसतो.

सर्वांत नाजूक भाग पुढेंच आहे. कांहीं क्रियापदांच्या पुढें जेरंड चालतो आणि इन्फिनिटिव्हही चालतें, पण अर्थ बदलतो. ‘टू’चा मूळ अर्थ दिशेचा, ‘कडे’ असा आहे. म्हणून इन्फिनिटिव्ह बहुधा अजून व्हावयाच्या क्रियेकडे तोंड करून उभें असतें. जेरंड चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या क्रियेस नाम म्हणून हातांत धरतो. ‘स्टॉप’ची गोष्ट आरंभीं सांगितलीच. आतां ‘फर्गेट’ पाहूं. मंडळीचा खजिनदार म्हणतो, ‘आय फर्गॉट टू साइन द रिसीट’. म्हणजे पावतीवर सही करावयाची राहिली. पावती कोरी आहे. तोच जर म्हणाला, ‘आय फर्गॉट साइनिंग द रिसीट’, तर सही झालेली आहे, केल्याचें त्याला आठवलें नाहीं एवढेंच. पैशाच्या वादांत असा कागद पुढें आला म्हणजे ह्या ‘टू’ आणि ‘इंग’वर एका माणसाची पत अवलंबून राहते. ‘आय रिमेंबर पेइंग हिम’ असें म्हणणारा, पैसे दिल्याचें आठवतें, अशी साक्ष देतो. ‘आय मस्ट रिमेंबर टू पे हिम’ म्हणणाऱ्यानें ते अजून द्यावयाचे आहेत.

ह्या ठिकाणीं मराठी पुन्हा मदतीस येते. ‘सही करावयास विसरलों’ ह्यास ‘टू’. ‘सही केल्याचें विसरलों’ ह्यास ‘इंग’. ‘कळविण्यास खेद वाटतो’ हें ‘आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. ‘तसें बोलल्याचा पश्चात्ताप होतो’ हें ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’. म्हणजे ‘ल्याचें’, ‘ल्याचा’ असें मराठी रूप मनांत आलें कीं ‘इंग’ लिहावें, आणि ‘वयास’ आलें कीं ‘टू’. ‘ट्राय’ ह्या शब्दास ही कसोटी लागत नाहीं. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडण्याची खटपट करा, कदाचित् ती उघडणार नाहीं. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहा, त्यानें तरी धूर जातो कीं काय.

इतर क्रियापदांस दोहोंपैकीं एकच चालतें. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘डिनाय’, ‘अव्हॉइड’, ‘पोस्टपोन’, ‘गिव्ह अप’ ह्यांच्यापुढें जेरंड. ‘होप’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘डिसाइड’ ह्यांच्यापुढें ‘टू’. वर सांगितलेलें दिशेचें तत्त्व येथेंही बरेंच उपयोगी पडतें: आशा, वचन व निश्चय हीं पुढें पाहतात, उपभोग, समाप्ति व इन्कार हीं झालेल्या किंवा चाललेल्या गोष्टीविषयीं असतात. पण टाळणें आणि पुढें ढकलणें हींही पुढच्याच क्रियेविषयीं असतात ना? तरी त्यांना ‘इंग’ लागतें. तत्त्वाचा हात येथें सुटतो. मराठीही उपयोगी नाहीं, कारण आपण ‘येण्याचें टाळलें’ आणि ‘येण्याचें वचन दिलें’ असें दोन्हीकडे ‘ण्याचें’च म्हणतों. ह्या शब्दांची यादी पाठ करावी, किंवा त्याहून चांगलें म्हणजे पुष्कळ वाचावें. ‘लाइक’, ‘लव्ह’, ‘बिगिन’ ह्यांस दोन्हीं चालतात, व अर्थांत सहसा फरक पडत नाहीं.

जेरंडाचा कर्ता कसा लिहावा ह्यावर इंग्रजींत मोठा वाद झालेला आहे. ‘त्याचें तेथें जाणें मला आवडलें नाहीं’ असें आपण म्हणतों, आणि ‘त्यानें तेथें जाणें बरें नव्हे’ असेंही म्हणतों. एकांत षष्ठी आहे, दुसऱ्यांत तृतीया, आणि ‘पाऊस पडणें थांबलें’ ह्यांत तर प्रथमाच आहे. आमच्याकडे त्यावरून कोणी भांडत नाहीं. इंग्रजींत ‘आय डिसलाइक्ड हिज गोइंग’ आणि ‘आय डिसलाइक्ड हिम गोइंग’ अशीं दोन्हीं वाक्यें ऐकूं येतात. एच. डब्ल्यू. फाउलर ह्यांनीं १९०६ सालीं आपल्या भावासह लिहिलेल्या पुस्तकांत आणि पुन्हा १९२६ सालच्या आपल्या कोशांत दुसऱ्या रचनेवर कडक टीका केली. डेन्मार्कचे पंडित ओटो येस्पर्सेन ह्यांनीं त्यांस उत्तर देऊन, ही रचना चांगल्या चांगल्या इंग्रज लेखकांनीं वापरलेली आहे असें उदाहरणांनीं दाखविलें. परदेशी माणसानें इंग्रजांस त्यांचीच भाषा दाखवून द्यावी ह्यांत आम्हांस मौज वाटते. आमचा सल्ला असा कीं, अर्जांत व औपचारिक पत्रांत सर्वनाम असेल तर षष्ठी लिहावी: ‘प्लीज एक्सक्यूज माय कमिंग लेट’. कर्ता लांबलचक किंवा निर्जीव असेल तेथें षष्ठीचा हट्ट धरूं नये. आणि जेथें अर्थ दोन होतात तेथें अवश्य षष्ठी घालावी. ‘आय डिसलाइक द मॅन सिंगिंग इन द स्ट्रीट’ ह्यांत तो मनुष्य आवडत नाहीं कीं त्याचें गाणें आवडत नाहीं, हें कळत नाहीं; ‘द मॅन्ज सिंगिंग’ म्हटलें म्हणजे बिचारा मनुष्य सुटतो आणि नावड गाण्यापुरतीच उरते.

कर्ता लिहिलाच नाहीं तर तो कोण समजावा, ह्याविषयींही सावध असावें. ‘मंदिरांत शिरल्यावर घंटा वाजली’ हें मराठी वाक्य निर्दोष आहे. शिरणारे आपण, वाजणारी घंटा. पण त्याचें ‘ऑन एंटरिंग द चर्च, द बेल रँग’ असें भाषांतर केलें तर इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढें घंटाच मंदिरांत शिरते. इंग्रजींतील असा जेरंड आमच्या ‘शिरून’सारखा आहे, ‘शिरल्यावर’सारखा नव्हे. ‘मंदिरांत शिरून घंटा वाजली’ हें जसें हास्यास्पद, तसेंच तें इंग्रजी. ‘ऑन एंटरिंग द चर्च, वी हर्ड द बेल’ असें लिहावें. शिरणारे तेच, ऐकणारे तेच.

किरकोळ गोष्टी दोनतीनच आहेत. नकार द्यावयाचा तर ‘नॉट’ जेरंडाच्या आधीं येतो: ‘नॉट कमिंग’, न येणें. क्रिया आधींच घडून गेली हें स्पष्ट दाखवावयाचें तर ‘हॅविंग’ घालतात: ‘ही डिनाइड हॅविंग टेकन द मनी’, पैसे घेतल्याचें त्यानें नाकारलें. ‘द रूफ नीड्स मेंडिंग’ म्हणजे छप्पर शाकारावयास झालें आहे. येथें शाकारणारा कोणी दुसरा, आणि छप्पर शाकारलें जावयाचें, तरीही रूप साधेंच राहतें.

शिक्षकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंग्रजीचे अलीकडील कित्येक व्याकरणकार जेरंड आणि पार्टिसिपल हे दोन वेगळे वर्ग मानीतच नाहींत. हडल्स्टन आणि पुलम ह्यांच्या २००२ सालीं केंब्रिज येथून निघालेल्या मोठ्या व्याकरणांत दोहोंस मिळून एकच जोडनांव दिलेलें आहे, कारण आजच्या इंग्रजींत त्यांचें रूप सर्वत्र एक आहे आणि कित्येक वाक्यांत सीमारेषा आंखतांच येत नाहीं. इंग्रजांच्या दृष्टीनें तें खरें असेल. मराठी मुलास मात्र ‘पिण्याचें पाणी’ आणि ‘उकळतें पाणी’ हा भेद आईच्या मांडीवरच मिळालेला आहे. तो त्याच्याकडून काढून घेण्यांत आम्हांस लाभ दिसत नाहीं. वर्गांत व्याख्या पाठ करवून घेण्यापेक्षां वाक्याचें मराठी करावयास सांगावें, आणि ‘ण्या’ कोठें आलें, ‘त’ कोठें आलें, हें मुलांकडूनच शोधवावें.

सरावासाठीं कांहीं वाक्यें देतों. घरीं किंवा वर्गांत करून पाहावीं. ‘ही सॅट रीडिंग अ लेटर’ आणि ‘ही लाइक्स रीडिंग लेटर्स’ ह्यांपैकीं जेरंड कोणत्यांत आहे? ‘सेव्हिंग सीड्स ___ हार्ड इन अ बॅड इयर’ ह्यांत ‘इज’ घालाल कीं ‘आर’? ‘फ्राइंग पॅन’ आणि ‘फ्लाइंग बर्ड’ ह्यांचें मराठी काय? ‘ती दार लावावयास विसरली’ आणि ‘दार लावल्याचें ती विसरली’ ह्यांचें इंग्रजी करावें, आणि त्या रात्रीं कोणाच्या घरांत कुत्रें शिरलें असेल तें सांगावें.